हेल्मेट कुणासाठी काढायचं?

सोलापूर, रविवार, संध्याकाळ

विज्ञानपटांच्या प्रेक्षकांनो, आपलं दुखणं एकच आहे. गाजलेल्या चित्रपटाच्या आधीची गोष्ट सांगायला निघतात आणि त्यातली माणसं ठरलेल्या शेवटाकडे नुसती ढकलली जातात. व्यासपीठावरून हे मी किती वेळा गरजलो! आणि आज आमच्याच हौशी चित्रपट मंडळात तेच.

आमच्या अंतराळपटाची पूर्वकथा उद्या होटगीजवळ चित्रित करायची आहे. तालमीत, डॉक्टरिणीची भूमिका करणाऱ्या रुक्मिणीने विचारलं, "दादा, परक्या ग्रहावर मी हेल्मेट कशाला काडू?"

लेखक-दिग्दर्शक आमचा सिद्धाराम. म्हणाला, "पयल्या पिच्चरमधी तुज्या गालावर डाग हाय की. हेल्मेट काडल्याबिगर डाग पडंल कसा?"

"म्हंजे डागासाठी मी येडी व्हायचं व्हय? मग डागालाच घ्या की कामाला!"

सगळे हसले. ती हसली नाही. रंगवलेलं मोटारसायकलचं हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि उद्या येणार नाही म्हणाली. ती नाही तर चित्रपट नाही.

मी गप्प का बसलो? सिद्धाराम मित्र आहे म्हणून? ते हेल्मेट अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. जाताना ती दारात म्हणाली, "काडीन की, पन कुनासाठी तरी."

बरोबर आहे तिचं. शेवट ठरलेला असू दे, तिथवर माणसाने स्वतःच्या पायांनी जायला हवं. समज, मरणाऱ्या सोबत्याला तिचा चेहरा बघायचा असेल, तर?

व्यासपीठावरचं गरजणं पुरे, ऊठ आता. सिद्धारामच्या घरी जा आणि तो प्रसंग आजच त्याच्याकडून पुन्हा लिहून घे.