खाचेचा पुठ्ठा

४ फेब्रुवारी
लागले एकदाची नोकरीला! सरकारी चौकश्यांचं हे दप्तर नव्या कायद्यानं सगळ्यांना उघडं झालंय. वरच्या मजल्यावर आम्ही, खाली लोकांसाठी वाचनकक्ष. दारावर पाटी आहे, 'लोकांचे कागद, लोकांना खुले'. वाचून ऊर भरून आला. ताईच्या कारखान्याच्या आगीची चौकशीही इथंच ठेवलेली आहे. ताई शर्टांना काजं करायची. जिन्याच्या दाराला बाहेरून कडी होती, म्हणून गेली. कडी घालायला कुणी सांगितलं ते साक्षीत आलंय म्हणे, पण इतक्या वर्षांत आम्हाला कुणी ताकास तूर लागू दिली नाही. ते नाव वाचल्याशिवाय मी इथून हलणार नाही, असं आईला सांगून आलेय. आईही म्हणाली, मीसुद्धा येऊन बघेन, माझ्या लेकीचा कागद आहे.

७ फेब्रुवारी
काम सोपं आहे. फाइल खाली जाण्याआधी तिच्यातला 'नाजूक' मजकूर काळा करायचा. साहेब समासात पेन्सिलीनं खुणा करून देतात. आम्हाला एक पुठ्ठा मिळतो, मधोमध एका ओळीएवढी खाच असलेला. खाच खुणेवर बसवायची, शाईचा ब्रश फिरवायचा, पुठ्ठा खाली सरकवायचा. वाचायचं मात्र नाही. साहेब म्हणाले, "वाचलं की हात अडतो. आपल्याला हात चालता हवा." समोरच्या टेबलावरची चष्मेवाली तर काम करता करता डुलकी काढते, तरी तिची रेघ वाकडी जात नाही. माझाही हात लगेच बसला. एक जाडजूड फाइल मी एका दुपारीतच हातावेगळी केली, वर दोरीला माझी नेहमीची दुहेरी गाठ मारली. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

१२ फेब्रुवारी
आज फाइल घेऊन खाली गेले. जावई कोठडीत मेला, त्या चौकशीचे कागद मागायला एक टोपीवाले आजोबा आले होते. सकाळपासून रांगेत उभे, तोंडानं सरकारचा उद्धार चाललेला. पानामागून पान काळं निघालं. मला वाटलं, आता टेबल उलथवतात. पण ते शेवटपर्यंत गेले, फाइल नीट बांधली आणि मला विचारलं, की मी इथं कशाला आलो होतो. जावयासाठी, म्हटलं. ते हसले. म्हणाले, माझ्या मुलीचं अजून लग्नच झालेलं नाही. अभिप्रायात 'समाधान झाले' लिहून निघून गेले.
वर येऊन चष्मेवालीला सांगितलं. ती म्हणाली, सगळ्यांचं असंच होतं, काळी पानं उघड्या डोळ्यांनी बघितली की सुटतात बिचारे. आपण खाचेतून बघतो, म्हणून आपल्याला बाधत नाही. म्हणे सुटतात! तळपायाची आग मस्तकात गेली.

१५ फेब्रुवारी
ताईची फाइल शोधून काढली. दोरीची दुहेरी गाठ बघितली. ती गाठ माझी. तीच जाडजूड फाइल. न वाचता, कौतुकासाठी, मीच काळी केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.
फाइल उघडली नाही. घरी धावले. आई भाजी निवडत बसली होती. आज वाचनकक्षात जाऊन आले, म्हणाली, मोठी चांगली माणसं आहेत तिथली. मी ताईचं नाव काढलं.
"कोण ताई? तू एकटीच तर आहेस मला."
भिंतीवरचा फोटो तिनं काढून ठेवला होता. कुणाचा आहे कळत नव्हतं, म्हणून.

१६ फेब्रुवारी
डोकं फुटेल इतका राग आलाय. एकदा मारलं ते कडीनं. आता हे.
ब्लेड आणलंय. शाई पाण्यानं ओली करून खरवडणार. पुठ्ठा ठेवूनच, म्हणजे एका वेळी एकच ओळ दिसेल. थोडं बाधेल. बाधू दे.

१७ फेब्रुवारी
एक पान झालं. ताईचं हसणं आठवत नाही. चेहरा आहे अजून.

१८ फेब्रुवारी
पुठ्ठा भिजून फाटला. तसंच खरवडतेय, उघड्या— चेहरा गेला. काजं करायची, एवढं आहे. चष्मेवाली म्हणते, सोड आता. नाही सोडणार. नालायकांनो, नाही—

१९ फेब्रुवारी
मिळालं! 'कडी घालण्याचा हुकूम दिला तो—' पुढे नाव. स्पष्ट. तळहातावर लिहून घेतलं. आईला दाखवीन, चौकात ओरडून सांगेन, की माझ्या— माझ्या—

कुणाच्या?

२० फेब्रुवारी
तळहातावर एका माणसाचं नाव आहे. ओळखीचं नाही. अक्षर माझंच.
या वहीत पहिल्या पानावर कुणी ताई आहे. आईला विचारलं. तिलाही माहीत नाही.
दात आवळले गेलेत, सुटत नाहीत. इतका राग— कुणाचा—
साहेब म्हणाले, हात धुऊन ये, फाइली पडल्यात. बरोबर आहे. शाईचा हात कागदाला लागायला नको. नळ सोडलाय. नाव अर्धं गेलं. पण हा राग, हा कुणा—