अर्धा फेरा जास्त

सोमवार, ता. ६

ती. बाबांना आणि आईला शिरसाष्टांग नमस्कार.

काल परत जाताना बसमध्ये बसायला जागा मिळाली का? तुमचे कान फोनवर साथ देत नाहीत, म्हणून हा कागद. सकाळच्या बसच्या चालकाशी माझं ठरलंय. जाताना तो माझं पत्र तुमच्याकडे टाकेल आणि दुपारी तुमचं घेऊन येईल. दोन बिस्किटांत मानला बिचारा.

बातमी अशी, की आज दवाखान्याच्या पाइपांच्या दाबाची चाचणी पार पडली! सकाळी आठला काटा दहावर नेला, संध्याकाळी सहाला दहावरच. बेचाळीस जोड आणि एकही थेंब नाही. इंजिनिअर बाईंच्या तोंडून आजवर साधं 'बरं' निघालं नव्हतं, त्यांनी आज चक्क मान हलवली. आता दाब असाच ठेवून द्यायचा आणि शनिवारी, अठरा तारखेला, पाइपांखाली फळ्यांचं छत बंद होणार. एकदा बंद झालं की झालं. खाली अपुऱ्या दिवसांच्या बाळांची खोली आहे, काचेच्या पेट्या येऊन पडल्यात. त्यांच्यावर वरून पाणी ठिबकलं तर काय होईल, या विचारानेच मला घाम फुटतो. माझं पहिलं स्वतःचं काम आणि नेमकं हे.

तुम्ही काल माझी टिंगल केलीत, पण बघा, लाड केले म्हणूनच प्लास्टिक टिकलं. पाइप सावलीत ठेवले, तोंडाला टोपणं घातली, जोडाचा सॉकेट हातात घेईपर्यंत खोक्यातून काढला नाही, कुणाला फेकू दिला नाही. पितळी तुकड्यावर सॉकेट बसवताना आधी हातानं घट्ट, मग पट्ट्याच्या पान्यानं एक फेरा, आणि तिथंच थांबायचं. तुम्ही त्या पट्ट्याला कंबरपट्टा म्हणालात ते सुतळीकाकांना इतकं आवडलं, की आज दिवसभर तेच चाललं होतं. आणि तुम्ही पिशवीतून तो 'थोरला' कशाला आणला होता हो? पाच किलोचा लोखंडी पाना घेऊन लेकीकडे पाहुणा आलेला बाप मी तरी दुसरा पाहिला नाही.

आशीर्वाद आहेत हे माहीत आहे, तरी मागते.
तुमची,
चिमणी


बुधवार, ता. ८

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

पत्र आईनं दोनदा वाचलं, एकदा मला आणि एकदा शेजारणीला. दहाचा दाब दहा तास धरला म्हणजे खेळ नाही. कुणाची लेक आहेस!

थोरला आणला कारण चाळीस वर्षं तो माझ्या पिशवीत आहे. बायको घरी ठेवून गेलो असेन, त्याला नाही. (हे आई वाचणार आहे, ठाऊक आहे.) आमच्या वेळी सुतळी गुंडाळायची, वर सफेद्याचा लेप लावायचा आणि लोखंड कुरकुर करेपर्यंत आवळायचं. मग भिंतीकडच्या बाजूला पेन्सिलनं एक छोटी खूण करायची, की हा माझ्या हातचा, याची काळजी नको. तुझे जोड आता जन्मात हलायचे नाहीत. निश्चिंत राहा.

सुतळीला सांग, म्हातारा झालास, शिडीवर जपून चढ. वीस वर्षं आम्ही एका ताटात जेवलो. तू त्याला कामावर घेतलंस याचं मला फार बरं वाटलं. त्याच्या घरात मिळवतं माणूस तेवढंच आहे.

तब्येतीला जप. इकडे सगळं ठीक.
बाबा


मंगळवार, ता. १४

ती. बाबा, नमस्कार.

निश्चिंत राहायला लिहिलंत, पण तोंडचं पाणी पळालंय. सकाळी आले तर काटा सहावर. जिन्याजवळच्या वळणाखाली ओली जमीन. सॉकेटला उभी चीर, केसाएवढी, तोंडापासून मधल्या कड्यापर्यंत. हातात घेतला तर नखाला लागत होती.

बाबा, ही चीर खराब मालाची नाही. आटे शेवटपर्यंत आत गेलेत, माझ्या फेऱ्यापेक्षा बरेच पुढे. पितळ आत घुसत जातं तसं प्लास्टिक आतून फाकतं. त्या दिवशी काही कळत नाही, उलट जोड छान घट्ट वाटतो. मग दाबाखाली आठवडाभर ताणून ताणून एके दिवशी तडकतो. हे मी सगळ्यांना पहिल्या दिवशी फळ्यावर काढून दाखवलं होतं. तरी कुणीतरी आवळलाय. आणि एक आवळला असेल तर आणखी किती? वरून सगळे सारखेच दिसतात. बेचाळीसच्या बेचाळीस कापून नवे करायचे तर सहा दिवस हवेत आणि माझ्या हातात चार आहेत.

माझ्याबरोबर जोडावर हात ठेवणारे एकच, सुतळीकाका. जुने लोखंडवाले. मला विचारायलाही लाज वाटते. तुम्ही त्यांना ओळखता, सवयीनं हात पुढे जाईल का त्यांचा? लगेच लिहा.

चिमणी


बुधवार, ता. १५

चि. चिमणीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. एक सॉकेट तडकला म्हणून इतकं घाबरायचं कारण नाही. प्लास्टिकच ते. उन्हात राहिलं असेल, गाडीतून उतरवताना आपटलं असेल. लोखंडाला असं कधी होत नसे. मला वाटतं तेवढा एक बदल आणि पुढे चल. बाकीचे तडकायचे असते तर एव्हाना तडकले असते.

सुतळीबद्दल काय सांगू. हात जड आहे त्याचा, पण सांगितलेलं ऐकतो. उगाच कुणावर आळ घेऊ नकोस.

आईला बरं नाही म्हणून पत्र आवरतं घेतो. विशेष काही नाही, सर्दी आहे.

बाबा


गुरुवार, ता. १६, संध्याकाळच्या बसनं

ती. बाबा,

आज दुसरा गेला. पहिल्यापासून तिसरा जोड, तशीच उभी चीर. इंजिनिअर बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, की शनिवारी संध्याकाळपर्यंत कोणते जोड धोक्याचे आहेत ते लिहून सही करून द्या, नाहीतर काम दुसऱ्याला देते. छतवाले थांबायला तयार नाहीत, ते उद्यापासून बाळांच्या खोलीकडच्या टोकाकडून सुरू करणार.

मी सुतळीकाकांना विचारलं. तडकलेला सॉकेट त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट फिरवला, चष्मा काढून पाहिला आणि एवढंच विचारलं, की हा कुठल्या ओळीतला. मी म्हटलं, जिन्याकडच्या. त्यावर जे गप्प झाले ते झालेच. मी म्हणाले, काका, नुसतं नाही म्हणा, मी विश्वास ठेवीन. नाही म्हणाले नाहीत. हातमोजे काढले, घडी करून खोक्यावर ठेवले आणि डबा न उघडताच निघाले. मी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. बाबा, साठी उलटलेल्या माणसाला मी कामावरून काढलं. ज्यांनी मला खांद्यावर बसवून फिरवलं त्यांना. सगळी माणसं बघत होती.

तुमच्या पत्रात मला धीर मिळाला नाही, खरं सांगते. तुम्ही असं गुळमुळीत कधी लिहीत नाही. आईची सर्दी कशी आहे?

चिमणी


शुक्रवार, ता. १७, पहिल्या बसनं

चि. चिमणीस.

आशीर्वाद कुठल्या तोंडानं देऊ. आईला सर्दी नव्हती.

सुतळीनं नाही, मी आवळले.

त्या रविवारी तू मला खुर्ची दिलीस. इंजिनिअर बाई आल्या तेव्हा तू म्हणालीस, बाबा तुम्ही बसा, कशाला हात लावू नका. तुझं काही चुकलं नाही. पण मी दीड तास त्या खुर्चीवर बसलो आणि मला कुणी काही विचारलं नाही. पोरं माझ्या पायांवरून पाइप नेत होती, जरा पाय घ्या आजोबा म्हणून. मग तुम्ही सगळे खाली नकाशा बघायला गेलात. पाइपात पाणी भरलेलं होतं, बाळांच्या खोलीवरच्या एका जोडावर मला एक थेंब दिसला. हात शिवशिवले. थोरला काढला आणि दिला अर्धा फेरा. थेंब थांबला. इतकं बरं वाटलं, की मग राहवेना. तिथून जिन्यापर्यंत ओळीनं अठरा जोड आवळत आलो, प्रत्येकाला अर्धा अर्धा. लेकीचं काम आहे, पक्कं असू दे म्हणून. तुझी चाचणी पार पडल्याचं वाचलं तेव्हा मनात म्हणालो, म्हाताऱ्याचा हात लागला म्हणून धरला दाब. तुला कधीतरी गंमत म्हणून सांगणार होतो.

मंगळवारचं तुझं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. तरी मूग गिळून बसलो आणि वर तुला खोटं लिहिलं. चाळीस वर्षांत माझा एकही जोड फुटला नाही, हे गावभर सांगत फिरलेला माणूस मी. ते सुटत नव्हतं. पण तो गप्प राहिला हे वाचलं आणि कळलं, त्यानं मला पाहिलंय. जिन्यावर डबा घेऊन बसला होता तो.

रडत बसू नकोस, मला शिव्याही नंतर दे. आधी हे कर. खूण शोध. भिंतीकडच्या बाजूला, पेन्सिलची. सवयीनं सगळ्यांवर केली आहे. जिथं खूण तिथं काप. बाकीच्यांना माझा हात लागलेला नाही.

हे पत्र मी स्वतः चालकाच्या हातात देतो आहे आणि बस सुटेपर्यंत उभा राहणार आहे. आईला रात्री सांगितलं.

बाबा


रविवार, ता. १९

ती. बाबा, नमस्कार.

पहिल्या बसच्या चालकानं पत्र शुक्रवारी नऊला दिलं. मी ते शिडीवर उभी राहून वाचलं आणि पहिल्यांदा इतका राग आला, की शिडी सोडावी लागली. तो अजून पूर्ण गेलेला नाही. आवळलेत त्याचा नाही हो. बुधवारच्या पत्राचा. त्या पत्रामुळे मी काकांना काढलं.

आईनं दिलेला हातआरसा घेऊन आम्ही तिघं चढलो. भिंतीकडून आरसा धरला, की खूण दिसायची, तीच तुमची वाकडी टीक. जिन्याकडून मोजत गेलो, काढलेल्या दोन सॉकेटांवरच्या धरून अठरा मिळाल्या. सगळे हुश्श म्हणाले, पण मला तुमचा तो थेंबाचा जोड आठवला. तुम्ही लिहिलंत अठरा, पण अठरा हे त्याच्यानंतरचे. तो तुम्ही मोजलाच नाहीत, कारण तुमच्या हिशेबानं तो बरोबर होता ना! आणि तिथलं छत सकाळीच बंद झालं होतं.

छतवाल्यांनी आकाशपाताळ एक केलं. इंजिनिअर बाई म्हणाल्या, अठरा मिळालेत, पुरे करा. मी स्वतः करवत घेतली. फळी खाली आली ती मागून ओली होती, बाबा. एकोणिसावी खूण, आणि तिच्याशेजारी चीर. खाली, थेंब पडेल तिथून हातभर अंतरावर काचेची पेटी.

त्याआधी, आरसा घेऊन चढण्याआधीच, मी काकांच्या घरी गेले होते, तुमचं पत्र घेऊन. वाचून दाखवलं. ते म्हणाले, की त्यांनी पाहिलं होतं, आणि त्यांना वाटलं होतं बाबा स्वतः सांगतील. शनिवारपर्यंत वाट बघणार होते, मग खुणांचं मला सांगणार होते. तोवर आळ अंगावर राहिला तर राहिला. मी पाया पडले तर म्हणाले, उशीर होतोय, टेप घेतलीस का. एकोणीसच्या एकोणीस जोड रात्र जागून शनिवारी पाचपर्यंत आम्ही दोघांनी नवे केले. हातानं घट्ट, वर एक फेरा, बस्स. साडेपाचला मी सही केली. थेंब दिसला तर कसं थांबवायचं तेही काकांनी सगळ्यांना दाखवलं. सोडवायचा, टेप नव्यानं गुंडाळायची, पुन्हा बसवायचा. आवळायचा नाही.

आता माझंही ऐका. खुर्चीचं मला कळलं नव्हतं. इंजिनिअर बाईंसमोर मला मोठं दिसायचं होतं, म्हणून मी तुम्हाला बसवलं. पाइप धरायला तुमच्याकडूनच शिकले हे त्यांना सांगायची मला लाज वाटली. हे मला लिहायला चौदा दिवस लागले, चीर कळल्यावर तुम्हाला दोन. तुम्हीच बरे.

दाब पुन्हा दहावर नेलाय, पण ओली फळी बघून इंजिनिअर बाईंनीच मुदत वाढवली, या खेपेला आठवडाभर ठेवणार, छत उघडंच. रोज सकाळी प्रत्येक जोडाखाली कोरडा हात फिरवून बघणारा माणूस हवा. केसाएवढी चीर बोटाला कळली पाहिजे आणि अशी बोटं माझ्या माहितीत एकाच माणसाला आहेत. ऐकू आलं नाही तरी चालेल. काका म्हणतात त्यांचा डबा दोघांना पुरतो, पण आधी तुम्ही त्यांच्याशी बोलायचं, सगळ्यांसमोर.

मंगळवारच्या पहिल्या बसनं या. थोरल्याला घरी आईजवळ ठेवा, पेन्सिल मात्र आणा. खुर्ची मी कालच खाली पाठवून दिली.

वाट बघते.
तुमची,
चिमणी