खडीसाखरेच्या वाटीतले तीन जेट

कोचकोर, जूनचा पहिला मंगळवार

आदरणीय ओमोर दाजी,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे साग्यनचा, दोन्ही हात छातीशी धरून सलाम. तुमची, ताईची, मुलांची आणि तुमच्या बाल्कनीत बांधलेल्या मेंढीची खुशाली कळवावी (ती अजून बाल्कनीत आहे, की एव्हाना पोटात गेली?). इकडे गुरं मजेत, आई मजेत, फक्त जीप मजेत नाही. पत्र आपलं सहजच लिहितो आहे, काही काम नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आई कुठे आहे असं विचाराल तर ती जीपमध्ये आहे. शुक्रवारी सगळं गाव गुरं घेऊन वर सोन-कोलच्या कुरणांकडे निघणार. घोड्यावर बसायला आता तिचे गुडघे तयार नाहीत, आणि शेजाऱ्यांच्या ट्रकमध्ये सामानासारखं जायला ती तयार नाही. बाबांच्या जीपच्या पुढच्या सीटवर बसून ती तीस उन्हाळे वर गेली, यंदाही तशीच जाणार. म्हणून शनिवारपासून रोज सकाळी मांडीवर गाठोडं घेऊन ती अंगणातल्या जीपमध्ये जाऊन बसते. चहा तिथेच, जेवण तिथेच. बॉनेट उघडं असल्यामुळे तिला समोरचं काही दिसत नाही. पण ती म्हणते, "रस्ता मला पाठ आहे. तू नुसती चालू कर."

घोडं अडलंय ते तिथेच. गेल्या वर्षी खिंड चढताना जीप इतकी खोकली, की मागची मेंढरं पुढे निघून गेली. तेव्हाच ठरवलं होतं, यंदा कार्बोरेटर पूर्ण खोलायचा. गेल्या गुरुवारी खोलला. पेट्रोलच्या पातेल्यात (पातेलं माझ्या बायकोचं, बुरुलचं होतं, आता कायमचं माझं झालं) एकेक भाग घासला, फ्लोट हलवून पाहिला, पुठ्ठ्याचं नवं गॅस्केट कापलं, आणि गाळ इतका काढला की त्यात बटाटे लावता आले असते. राहिले तीन जेट. बोटाच्या पेराहून लहान, पितळेचे, मधून केसाएवढं भोक. इंजिनाला पेट्रोल मोजून मिळतं ते त्या भोकातूनच. कोंबड्यांनी टिपू नयेत म्हणून मी ते फुंकून, पुसून, लखलखीत करून घरात सुरक्षित जागी ठेवले. आता सुरक्षित जागा म्हणून मला खडीसाखरेची वाटीच का सुचावी, हे बुरुलने तेव्हापासून मला चाळीस वेळा विचारलं आहे.

आणि तेवढ्यात तुम्ही आलात. न कळवता आलात, वाटेत भेटलेल्या आमच्या तोलोगॉन गुरुजींना आणि शेजारच्या इशेनकाकांना घेऊन आलात, याचा आम्हाला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! (खरंच झाला. माझे हात पेट्रोलचे होते म्हणून मिठी मारली नाही.) बुरुलने धावपळीत दस्तरखान अंथरला, पिवळ्या खडीसाखरेची वाटी त्यावर उपडी केली, वर जर्दाळू, वर तळलेल्या कणकेच्या बोरसोकांचा ढीग. जाताना रीतीप्रमाणे प्रत्येकाच्या हातात केशिकची पिशवी दिली, दस्तरखानावरचं सगळं ओंजळीने भरून. माझी बायको हात आखडून वाढत नाही, याचा मला त्या दिवसापर्यंत फार अभिमान होता.

वाटी रिकामी दिसली तेव्हा माझ्या पायांखालची जमीन सरकली. दाजी, दिलेलं केशिक परत मागायचं कसं? आपल्या सात पिढ्यांत कुणी मागितलं नसेल. टपाल कचेरीतून फोन करावा, तर तिथली ऑपरेटर आपल्या मावशीची सून. संध्याकाळच्या आत गावभर झालं असतं, की साग्यन पाहुण्यांच्या पिशव्या तपासतो. म्हणून मी नुसता सहज चहाला गेलो. इशेनकाकांकडे सात वाट्या चहा प्यायल्यावर दिसलं, की त्यांच्या सुनेने पिवळं, भोकाचं, बरकतीच्या घरून आलेलं म्हणून एक जेट मण्यांत ओवून पाळण्याला बांधलाय. नातवाला नजर लागू नये म्हणून! आता लेकराच्या पाळण्यावरचं कसं मागणार? घरी जाऊन आईचं चांदीचं बटण आणलं, "हे जास्त जालीम आहे हो" म्हणालो, तेव्हा कुठे अदलाबदल झाली.

दुसरा गुरुजींकडे. त्यांनी तो गालात धरून दोन दिवस चोखला होता. विरघळेना, तेव्हा बशीत काढून ठेवला. मला म्हणाले, "साग्यन, हल्लीच्या खडीसाखरेत काही राम नाही रे. वासही रॉकेलसारखा." मी मान डोलावली आणि तेवढा खडा नमुना म्हणून मागून घेतला. इतका स्वच्छ जेट मी जन्मात पाहिला नाही.

तिसरा, म्हणजे सगळ्यांत मोठा, मिळाला नाही. म्हणून चहाच्या सामोवारच्या तोटीचं पितळ कापून मीच एक घडवला (बुरुल त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही, त्यामुळे कामाला निवांतपणा मिळाला). कार्बोरेटर बसवला, स्टार्टर मारला, आणि दाजी, इंजिन धडधडलं! मी अंगणात नाचलो. आई जीपच्या खिडकीतून ओरडली, "खोकतंय अजून!" मी स्क्रू पाव वळसा आत घेतला. "आता उपाशी मरतंय!" पाव वळसा बाहेर. "आता जास्त प्यायलंय!" तिचा कान बरोबर होता, चूक मी पाडलेल्या जेटच्या भोकाची होती. ते मोठं पडलं होतं. काळा धूर निघाला, वाळत घातलेली धुणी गेली, आणि जीप फाटकापर्यंत जाऊन बसली. तेवढ्या वीस पावलांत आईने गाठोडं छातीशी धरलं आणि ती अशी हसली, की बाबा गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. चेष्टा पुरे झाली, दाजी. मला तिला वर न्यायचंच आहे.

असो. काम काही नव्हतंच. ताईला सलाम, मुलांचे पापे.

तुमचा मेहुणा,
साग्यन

ता. क. : पत्र आणणारा कुबात टॅक्सीवाला दारात उभा असेल. तो उद्या दुपारी परत निघतो. काही लहानसं, पितळी, पाठवायचं मनात आलं, तर त्याच्या खिशाला बटण आहे.

ता. क. २ : कुबातच सांगत होता, की रविवारी केशिक खाताना तुमची दाढ तुटली, आणि पिठात खडे ठेवतात म्हणून तुम्ही आमच्या घराण्याला नावं ठेवता आहात. तो खडा फेकला नसेल तर जरा उजेडाकडे धरून पाहा. आरपार दिसतं का?

ता. क. ३ : हे सगळं आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, केशिक परत पाठवायचं नसतं, म्हणून पाठवू नका. स्वतः घेऊन या, म्हणजे तो जावयाने आणलेला आहेर होईल. शिवाय दाढेची भरपाई म्हणून खिंडीपर्यंत पुढची सीट ती तुम्हाला देणार आहे.

ता. क. ४ : सीट देणार नाही म्हणते. पण गाठोडं तुमच्या मांडीवर देईल.