हळ्ळाचं खळं

सोलापूर, मंगळवार, २० ऑगस्ट १९७४

चि. गुरुसिद्धप्पास सुंदरम्मा आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आपल्या घरामागच्या हळ्ळात पहिला ट्रक मुरूम ओतून गेला. नऊपर्यंत आणखी सहा आले. मी चहाचा कप हातात घेऊनच धावले. मुकादमाने घरबांधणी सोसायटीचा नकाशा उलगडला, तर खाली इंजिनियर म्हणून तुझी सही. तुझं अक्षर मीच वळवलं आहे, ओळखायला चष्मा लागला नाही.

तीन वर्षं तू फिरकला नाहीस, म्हणून सांगते. दुष्काळात वळसंगच्या बाया काम मागत आल्या, तेव्हा त्यांच्याकडून मी त्या ओढ्यात आडवे दगडी बांध घालून घेतले, काठाने वाळा लावला, तळाला हरळी पसरू दिली. करंजं तुझ्या आजोबांच्या वेळची. गेल्या वर्षी वरच्या तीन गल्ल्यांचं पाणी तिथे थांबलं, दोन दिवसांत जिरलं, आणि आडाला मे महिन्यापर्यंत पुरलं. हे बुजवलं तर पाणी उताराने जाणार. उताराला पहिलं घर इमामसाबचं. ट्रकवरून पडून कंबर मोडल्यापासून तो खाटेवरून उठलेला नाही, आणि बायकोला, अमिनाला, एकटीला तो उचलत नाही.

नकाशा मागे घे. सौ. ललितास आशीर्वाद. तुलाही, पण आज जरा कमी.

सुंदरम्मा


पुणे, २६ ऑगस्ट १९७४

ती. आत्यास गुरुसिद्धप्पाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचताना जुना कान दुखला, पिरगाळलेला. आत्या, चूक माझी नाही. आजोबांनी जागा विकली त्या खरेदीखतात तिथे ‘खळे’ लिहिलं आहे. खत मोडी लिपीत होतं, ते इथल्या एका जाणकारांकडून उतरवून घेतलं. मळणी बंद पडलेलं खळं म्हणजे पडीक जमीन, तिथे घरं बांधली तर कुणाचं काय जातं?

शिवाय सोलापुरात पाऊस पडतो तरी किती? दोन वर्षांपूर्वी टँकरमागे घागरी घेऊन धावणारं गाव आता बुडायच्या काळजीत आहे, हे ऐकून आमचे साहेब खूप हसले. कडेने सिमेंटचं गटार दिलं आहे. ललिता शेंगाचटणीची वाट बघते. माया पातळ करू नये.

तुमचा
गुरुसिद्धप्पा


सोलापूर, ३ सप्टेंबर १९७४

चि. गुरुसिद्धप्पास आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या साहेबांना आणखी हसू दे. रविवारी पाऊण तास पाऊस झाला. तुझं गटार हातभर रुंद, पाचव्या मिनिटाला भरून वाहिलं. अमिनाच्या घरात घोटाभर पाणी. खाटेचे पाय विटांवर चढवले आहेत.

मग ट्रंकेतून खताची आपली प्रत काढली. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मोडी काही शिकवली नाही, म्हणून महादेवप्पा कारकुनांकडे नेली. त्यांनी डोळ्याजवळ धरून एका दमात वाचलं: मधे हळ्ळ, करंजाची झाडे दोन्ही काठांस. तुझ्या जाणकाराला कानडी येत नाही, हळ्ळ म्हणजे ओढा हे त्याला कुठून कळणार, म्हणून त्याने आपल्याला ठाऊक असलेला शब्द वाचला. त्याच्यावर माझा राग नाही. पण खळ्याला दोन काठ कुठून आले, असं तुला वाटलं नाही? तू तर या घरात कानडी बोलत वाढलास. त्याच हळ्ळात चप्पल वाहून गेली म्हणून सबंध दुपार रडला होतास.

ती जागा पाण्याची वाट म्हणून दाखवली असती तर तो नकाशा पासच झाला नसता. हे सोसायटीला कळव. मी विनवते आहे, आणि मला विनवायची सवय नाही.

सुंदरम्मा


पुणे, ११ सप्टेंबर १९७४

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुमच्यापाशी खोटं बोलता येत नाही. ‘दोन्ही काठांस’ वाचताना मला खटकलं होतं. पण नकाशा द्यायची तारीख उद्यावर आली होती, आणि घरी एक कार्ड टाकून विचारलं तर आठवडा गेला असता. आता चूक लेखी कबूल केली तर नोकरी राहत नाही. ललिताला सातवा महिना लागला आहे.

एवढा पावसाळा निभावून न्या. इमामसाबांना दवाखान्यात हलवता येईल का? हे पत्र कुणाला दाखवू नका. क्षमा असावी.

गुरुसिद्धप्पा


सोलापूर, १९ सप्टेंबर १९७४

चि. गुरुसिद्धप्पास,

परवा मंगळवारी साडेचार ते सव्वासहा पाऊस झाला. पाणी मुरमाला अडलं, वळलं आणि सरळ अमिनाच्या दारात शिरलं. विटा सरकल्या, खाट तरंगली. अमिना त्याचं डोकं धरून छातीभर पाण्यात उभी होती. दाराची एक फळी काढून तिच्यावर घालून आम्ही चार बायकांनी त्याला माझ्या घरी आणलं. वाटेत तो मला म्हणाला, “टीचरबाई, मैं चल नै सकता करके नाला खुद मिलने आया.” आम्ही हसलो. त्यानंतर तो बोललेला नाही. ताप उतरत नाही, छाती घरघरते. दवाखान्यात खाट रिकामी नाही. डॉक्टर म्हणाले, पुन्हा भिजला तर काही सांगता येत नाही.

माझ्याही घराच्या चारपैकी तीन पायऱ्या बुडाल्या होत्या. आता त्याला घेऊन मी कुठे जाऊ?

निम्मा हळ्ळ अजून उघडा आहे. शुक्रवारी, २७ तारखेला, करंजं तोडून तोही बुजवणार आहेत, आणि त्याच दिवशी हस्त लागतो. मी सोसायटीच्या चेअरमनच्या दारात दोनदा जाऊन आले. ते म्हणतात, निवृत्त मास्तरणीच्या सांगण्यावरून काम थांबत नाही, इंजिनियरने लिहून दिलं तरच थांबेल. तुझं पत्र माझ्या उशीखाली आहे. ते दाखवलं तर उद्याच थांबेल. तू नको म्हणालास, म्हणून अजून दाखवलेलं नाही. रोज सकाळी हातात घेते आणि पुन्हा ठेवते.

बाबा रे, ललिताला घेऊन इथे ये. माझं पेन्शन तिघांना पुरेल, चौघांनाही पुरेल. पण हे माझ्या हातून करायला लावू नकोस.

लहानपणी चुकलेला शब्द तुझ्याकडून दहा वेळा लिहून घेत असे. आता एकदाच लिही. खळे खोड, हळ्ळ लिही, खाली सही कर. तो कागद गुरुवार, २६ सप्टेंबरच्या दुपारच्या टपालाने माझ्या हातात पडला पाहिजे. टपाल साडेतीनला येतं. चारपर्यंत मी पायरीवर बसेन. चारनंतर तुझं पत्र घेऊन उठेन.

तुझीच
सुंदरम्मा आत्या