हेमलताची मुलाखत होईपर्यंत

बंगळूर, ११ नोव्हेंबर

प्रिय विलासराव यांस, रागातलाच, पण नमस्कार.

रविवारी, ९ नोव्हेंबरला, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तुम्ही मला न विचारता इथे आपल्या लेकाला, शंतनूला, माझं २५ तारखेचं नागपूरचं तिकीट काढायला लावलंत. म्हणे, आई तिथे कंटाळली असेल. मी कंटाळलेली नाही, मी शिकते आहे.

खालच्या औषधांच्या दुकानातल्या हेमलताला मी इंग्रजी शिकवते. ६ डिसेंबरला तिची इस्पितळात नोकरीची मुलाखत आहे. महिनाभर मी तिला आमच्या कॉन्व्हेंटच्या पद्धतीने ताठ उभं करून वाक्यं घोकायला लावली. तिच्या तोंडून शब्द फुटेना.

मग ती मला कन्नड शिकवू लागली. तिने मला सरळ भाजीच्या गाडीपुढे उभं केलं. "मॅडम, अण्णाशी तुम्हीच बोला. मी गप्प बसणार." मी चुकले, अण्णा हसला, पण कोथिंबीर मिळाली.

छत्तीस वर्षं मी वर्गात मुलांना प्रत्येक चुकीला थांबवलं. आता हेमलताला थांबवत नाही. काल ती एका गिऱ्हाइकाशी इंग्रजीत भांडली आणि जिंकली.

रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता ना? रात्री नुसतं दूध-पोहे खाऊन झोपत नाही ना?

तिकीट तुम्ही काढायला लावलंत, रद्दही तुम्हीच करायला लावा. कंटाळा तुम्हाला आला असेल, तर तसं स्पष्ट लिहा, मी ७ डिसेंबरला निघते. फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून उत्तर लेखीच हवं, गुरुवार, २० नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत.

तुमचीच,
उल्का