स्विच मुके नव्हते

केदारखेडा,
२ डिसेंबर २०२४

ती. शीतलताईस,
सा. नमस्कार. इकडे थंडी पडली आहे. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. सूरजदाजींना नमस्कार सांग. तू माझाही फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितो.

जालन्याची खोली सोडली. आता इथूनच ये-जा करतो.

बियाणे कंपनीतलं काम ठीक आहे. गोदामांतले आणि ऑफिसातले संगणक जोडणारे सगळे स्विच आपापल्या तक्रारी एका सर्व्हरकडे पाठवतील आणि तिथे त्या साठतील, अशी व्यवस्था करायची होती. प्रत्येक स्विचवर सर्व्हरचा पत्ता घातला. सर्व्हरचा पडदा कोराच.

"आदिनाथ, तुझे स्विच मुके हैत का?" आमचे वरिष्ठ राधेश्यामसर म्हणाले.

मलाही तसंच वाटलं. दोन दिवस स्विचच तपासत बसलो. रस्ता अडवला होता सर्व्हरच्याच फायरवॉलने, म्हणजे दारावरच्या राखणदाराने. स्विच बराबर पाठवून राह्यले होते. पोहोचलं की नाही, ते त्यांना कळत नाही. सर्व्हर उलट काहीच सांगत नाही.

"मंग पाठवतेत कशाच्या भरवशावर?"

"भरोसा न्हाई, सर. तरी पाठवतेत."

"येडेच हैत म्हण की."

दिवाळीत तू आईला फोन केलास, तेव्हा मी शेजारी होतो. तुझा आवाज बाहेर येत होता. "माझं नाव तोंडातून काढणार न्हाई म्हणली होतीस, ते अजून पाळायलीस? ठीक हाय. मी बी पुन्हा फोन करणार न्हाई."

तू लग्न करून गेलीस तेव्हा ती तसं म्हणाली होती. ते खरं आहे.

आईची तब्येत बरी आहे, असं लिहून पत्र संपवणार होतो.

पोळ्याच्या सुमारास तिला झटका आला. उजवा हात गेला. वाचा गेली. तुला कळवू का विचारलं, तर नको म्हणून डाव्या हाताने माझं मनगट आवळून धरलं. ऐकू सगळं येतं. समजतंही.

दिवाळीत तू फोन ठेवलास, तरी तिने तो कानाला धरून ठेवला होता. ओठ हलत होते. मी घ्यायला गेलो तर सोडेना. तेव्हापासून फोन उशाशीच लागतो.

येणं तुझ्या मनावर. पण फोन कर. मी तिच्या कानाला लावीन. पलीकडून हुंकारही येणार नाही. तू बोलत राहा. पोरीचं सांग, भाजी काय केलीस ते सांग. भांडायचं असेल तर भांड.

या पत्राची पोच मला नको.

आईच्या उशाशी बसून,
आदिनाथ