खदानीतला कचरा आणि माझं गणित

८ एप्रिल १९७४
आजपासून नियमित लिहायचं. पुढे उपयोगी पडेल.
सरपंच दौलतसिंग शाळेत आले. बाजाराचा कचरा गावाबाहेरच्या मुरमाच्या जुन्या खदानीत टाकायचा आहे. खालच्या अंगाला गोमतीबाईंची विहीर. अर्धं गाव तिथंच पाणी भरतं. कचऱ्याचं पाणी झिरपून विहिरीत येईल, अशी बाईंची तक्रार. दौलतसिंग म्हणाले, "मास्तर, तुमी बीएस्सी झालेले. तुमीच सांगा." योग्य माणसाकडे आले.

११ एप्रिल
मॉडेल तयार. तेलाचा डबा, तळाला भोक. खदानीच्या तळासारखाच खाली मुरूम, वर काळी माती, चाळून, ओलवून, मुसळानं ठोकलेली. त्यावर सडकी भाजी. रोज तांब्याभर पाणी ओतायचं, खालून गळेल ते मोजायचं. बायको, केशर, मुसळ परत मागते. विज्ञानासाठी घरच्यांनी थोडं सोसावं.

१९ एप्रिल
एक थेंब नाही! गणित मांडलं: कचऱ्याचं पाणी विहिरीपर्यंत यायला चाळीस वर्षं. दोनतीन आकडे अंदाजाने घेतले. अनुभवी माणसाचा अंदाज म्हणजे आकडाच.

२० एप्रिल
घरात एकतर डबा राहील नाहीतर मी, असं केशर म्हणाली. डबा अंगणात, उन्हात.

२ मे, दुपार
खदानीची पाहणी. तळाची काळी माती तडकलीय. फाउंटन पेन एका भेगेत गेलं. कोपरापर्यंत हात घातला, लागलं नाही. पंचायतीकडून नवं मागावं. बाकी पाहणी समाधानकारक.

९ मे
ग्रामसभा. माझं भाषण उत्तम झालं. गोमतीबाई एवढंच म्हणाल्या, "मले गनित नाही समजत, मास्तर. पन पानी नासलं त आमी जावं कोठं?" बाई भावनाप्रधान आहेत. ठराव पास. उद्यापासून गाड्या सुरू.

२१ जून
सलग पाऊस. काल कचऱ्यावर तळं साचलं होतं, आज गायब. बाष्पीभवन असावं.

२६ जून
गोमतीबाई तांब्या घेऊन दारात. पाणी चहाच्या रंगाचं. वासही. पाला पडला असेल, म्हटलं. विहिरीवर झाडच नाही, म्हणाल्या. अभ्यास करावा लागेल.

३० जून
डबा पाहिला. उन्हानं माती फाटलीय. तांब्याभर पाणी ओतलं. खालून लगेच धार. काळी. पेनाची उगाच आठवण झाली.
मॉडेल बिघडलं आहे. फेकून दिलं.

४ जुलै
गोमतीबाईंच्या सुनेला जुलाब, उलट्या. बैलगाडीनं, मग मोटारीनं मालेगावला दवाखान्यात नेलं. दौलतसिंगांना गाठलं. ते म्हणाले, "रिपोर्ट त तुमचाच हाय ना, मास्तर?" चाळीस वर्षं ही सरासरी होती, हे लोकांना समजावून सांगायचं. उद्या.

५ जुलै
नाही सांगितलं. शाळेत काम होतं.

११ जुलै
विहीर बंद. सगळं गाव नाल्यापलीकडच्या विहिरीवर. केशरला ताप, म्हणून घागर घेऊन मी गेलो. गोमतीबाई पाणी शेंदत होत्या. सून कशी आहे, विचारलं. म्हणाल्या, "आली घरी. उठता येत नाही अजून."
त्यांची घागर उचलून द्यायला हात पुढे केला. त्यांनी दिली नाही. म्हणाल्या, "तुमची भरा."
भरली. चिखलातून घरी येईस्तोवर अर्धी सांडली.